डाव्या डोळ्याची खिडकी

लातूरच्या तंत्रनिकेतनात संगणकांचे नवे पडदे आले त्या दिवशी ड्रॉइंगच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. चष्मा न घालता चित्राची खोली दाखवणारे पडदे होते ते. विभागप्रमुख हणमंते सर पहिल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या डेस्कटॉपचा घन करून दाखवणारा इफेक्ट चालू केला. पडद्यावरचं सगळं मागे सरलं आणि त्याचा एक मोठा चौकोनी ठोकळा झाला. एका बाजूवर नकाशे, दुसरीवर हजेरीपट, तिसरीवर कुणाचं तरी अर्धवट पत्र. ठोकळा हळूहळू फिरायला लागला.

"अरे, अरे!" सर खुर्चीसकट मागे झाले. "कोपरा नाकाला लागायलाय की!"

सगळे हसले. मग एकेकानं बसून पाहिलं. शेवटी शैलजा बिराजदार बसली. इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, त्यामुळे ती काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान होते.

शैलजानं पाहिलं. ठोकळा फिरत होता. त्याच्या कडा बिनचूक होत्या, लांबच्या बाजू जितक्या आखूड व्हायला हव्यात तितक्याच होत होत्या. चित्र छान होतं. पण ते चित्रच होतं. नाकाला लागण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"फारच सुंदर," ती म्हणाली आणि उठली.

असं उत्तर द्यायची तिला लहानपणापासून सवय होती. तिचा डावा डोळा जन्मापासून तिरळा होता. आठव्या वर्षी सोलापुरात ऑपरेशन झालं, डोळा सरळ दिसायला लागला, आईनं नवस फेडला, आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. तो संपला नव्हता हे शैलजाला कॉलेजात असताना कळलं. दोन डोळे एकमेकांपासून जेमतेम तीन-चार बोटं लांब असतात, म्हणून दोघांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. मेंदू ती दोन चित्रं एकमेकांवर ठेवतो, त्यांच्यातला फरक मोजतो, आणि त्या फरकातून आपल्याला खोली जाणवते. शैलजाचे डोळे पहिली आठ वर्षं दोन वेगळ्या दिशांना बघत होते. त्यांची चित्रं जुळणं शक्यच नव्हतं. मग तिच्या मेंदूनं सोपा मार्ग काढला: डाव्या डोळ्याकडून येईल ते ऐकायचंच नाही. डोळा सरळ झाल्यावरही मेंदूनं आपली सवय बदलली नाही.

तिला जग सपाट दिसायचं. अर्थात ती भिंतींवर आपटत नव्हती. लहान दिसतं ते लांब, झाकलं जातं ते मागचं, सावली पडते ती अमुक बाजूला, असा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप चालायचा. उलट याच कारणानं तिचं ड्रॉइंग असामान्य होतं. इतर लोकांना समोरची वस्तू कागदावर उतरवताना ती आधी मनात सपाट करावी लागते. शैलजाला ती सपाटच मिळायची. फळ्यावर ती पट्टीशिवाय यंत्राचा भाग काढायची तेव्हा मुलं मोबाइल खाली ठेवून बघत बसायची.

अडायचं ते छोट्या गोष्टींत. सुईत दोरा, कपात चहा, जिन्याची शेवटची पायरी. लग्नाला वीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या वर्षांत चहा कायम मल्लिनाथनं ओतला होता. तिचा नवरा मल्लिनाथ एसटीच्या कार्यशाळेत पर्यवेक्षक होता. विजेवरच्या बसगाड्यांच्या मोटारी उघडायच्या आणि पुन्हा जोडायच्या, हे त्याचं काम. बायकोबरोबर चालताना तो बोलता बोलता मध्येच "पायरी" म्हणायचा आणि पुन्हा आपलं बोलणं पुढे न्यायचा. त्याला स्वतःलाही ते कळत नसे.

•

त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर शैलजा पुन्हा प्रयोगशाळेत आली. आपल्याला जे दिसत नाही ते नेमकं कसं तयार होतं, एवढंच तिला बघायचं होतं.

पडद्याची रचना तिला लगेच उमगली. काचेवर बारीक उभ्या भिंगांचा थर होता. वरचा कॅमेरा बघणाऱ्याच्या बाहुल्या कुठे आहेत ते सतत टिपायचा आणि भिंगं त्याप्रमाणे एक चित्र उजव्या डोळ्याकडे, दुसरं डाव्या डोळ्याकडे पाठवायची. ही दोन चित्रं तयार करायचं काम कंपोझिटर नावाचा प्रोग्राम करत होता. आपण उघडलेली प्रत्येक विंडो शेवटी पडद्यावर कुठे, किती मोठी, कशाच्या पुढे रंगवायची हे तोच ठरवतो. लिनक्सवर हा प्रोग्राम कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो. म्हणून तर हौशी लोक वर्षानुवर्षं त्याच्याशी खेळत आले होते. कुणी विंडो ओढली की ती जेलीसारखी थरथरावी अशी सोय केली होती, कुणी बंद करताना ती कागदासारखी जळत जावी अशी. निव्वळ गंमत. हा खोलीचा इफेक्टही अशाच गमतीत जन्मलेला होता. तो लिहिणाऱ्या, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बाईचं नाव आणि गाव कोडच्या पहिल्या ओळीत होतं: इनेस, माँटेव्हिडिओ.

शैलजानं उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला विंडो दिसत होत्या, थोड्या धूसर, पण दिसत होत्या. तिनं उजवा उघडला. डाव्याचं चित्र विझलं.

पुन्हा मिटला. दिसलं. उघडला. विझलं.

ती कितीतरी वेळ हेच करत बसली. डावा डोळा आंधळा नव्हता. तो चाळीसहून जास्त वर्षं बोलत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मग तिच्या मनात अगदी साधा प्रश्न आला. वर्गात एक मुलगा फार मोठ्यानं बोलत असला की आपण काय करतो? त्याला जरा हळू बोलायला सांगतो.

कोड लिहून द्यायला हल्ली यंत्रं होतीच. तिनं हवं ते सांगितलं, यंत्रानं लिहून दिलं, पण पडदा दोनदा काळा होऊन बंद पडला. शेवटी तिनं सरळ इनेसलाच लिहिलं. "तुमच्या इफेक्टमध्ये मला उजव्या डोळ्याचं चित्र एकट्याचं अंधूक करायचंय. डाव्याला धक्का न लावता. कारण थोडं खासगी आहे," आणि मग खासगी कारणही सविस्तर लिहून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी पहिला तास संपायच्या आत आलं. इनेस एका ग्रंथालयात काम करत होती आणि उरलेल्या वेळात हा इफेक्ट सांभाळत होती. तिनं लिहिलं होतं, "लोक मला सांगतात, विंडो जळताना ठिणग्या जास्त हव्यात. असं काही आजवर कुणी मागितलं नव्हतं. सोबतचा तुकडा जोडून बघा. काय होतंय ते मला कळवाच."

त्या तुकड्यानं पडद्याच्या कोपऱ्यात एक सरकपट्टी आली. शैलजानं ती माऊसनं हळूहळू खाली ओढली. उजव्या डोळ्याचं चित्र मंद होत गेलं, आणखी मंद, संध्याकाळच्या उजेडासारखं. आणि एका जागी काहीतरी झालं. समोरची विंडो फुटून दोन झाली.

शैलजाचा हात थांबला. दोन विंडो, एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या, दोन्ही एकाच वेळी. तिनं हलकेच डावा डोळा मिटून खात्री केली. दुसरी विंडो डाव्याची होती.

तिनं इनेसला एकच ओळ लिहिली: "डाव्या डोळ्याचा आवाज आला."

•

पुढचे काही आठवडे दोघींनी मिळून तो इफेक्ट पार बदलून टाकला. पाठवापाठवीत त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा शैलजानं "खोली" सुचवलं. "आमच्या भाषेत याचे दोन अर्थ," तिनं लिहिलं. "एक, किती आत आहे ते. आणि दुसरा, राहायची जागा." इनेसनं कळवलं, दोन्ही चालतील.

आता विंडोची चौकट फक्त डाव्या डोळ्याला दिसायची आणि आतला मजकूर फक्त उजव्याला. माऊसचा बाण डाव्याला, बटणं उजव्याला. म्हणजे डाव्याचं ऐकल्याशिवाय साधा हजेरीपटही भरता येऊ नये अशी व्यवस्था. शैलजा आपलं रोजचं सगळं काम त्या पडद्यावर करायला लागली. डोकं दुखायचं, पण जमत होतं. सरकपट्टी दर आठवड्याला थोडी वर चढत होती. उजवा डोळा पूर्वीसारखा मोठ्यानं बोलू लागला तरी डावा आता गप्प बसत नव्हता.

आणि मग डावा डोळा पडद्याबाहेरही बोलायला लागला.

गंज गोलाईच्या बाजारात भाजी घेताना तिला एका भाजीवालीच्या जागी दोन दिसल्या. तिनं पैसे भलत्याच हातापुढे धरले. रस्त्यावर एका रिक्षाच्या दोन झाल्या आणि खरी कोणती ते ठरवेपर्यंत रिक्षावाला ओरडून गेला. वर्गात फळ्यावर रेघ ओढताना खडूच्या टोकापाशी दोन टोकं दिसली. तिनं त्यातल्या एकावर भरवसा ठेवला आणि वर्तुळ मिटलंच नाही.

"मॅडम, बरं नाही का?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

घरी मल्लिनाथनं तिला भिंतीला धरून चालताना पाहिलं. मग तिला सगळं सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिला नेत्रतज्ज्ञ डॉक्टर नसरीन काझींकडे घेऊन गेला.

डॉक्टर काझींनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मॅडम, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या मेंदूनं लहानपणी एक तडजोड केली होती. एका डोळ्याचं ऐकायचं नाही, बदल्यात एकच सरळ चित्र. वाईट तडजोड नव्हती ती. तुम्ही ती मोडलीत. आता डावा डोळा बोलतोय, पण तो उजव्याशी जुळत नाही. तुमच्या डोळ्यात अजून थोडासा तिरळेपणा शिल्लक आहे, वरून दिसत नाही इतकाच. दोन्ही चित्रं जुळली नाहीत तर तुम्हाला सगळं कायमचं दोन-दोन दिसत राहील. मग एक डोळा झाकून जगावं लागेल."

"जुळली तर?" शैलजानं विचारलं.

"लहान मुलांमध्ये जुळवतो आम्ही. दोन डोळ्यांना वेगळी चित्रं देऊनच जुळवतो. पण तुमच्या वयात, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात..." डॉक्टर थांबल्या. "मी म्हणेन, हे थांबवा. बंद ठेवलंत तर कदाचित ती जुनी सवय परत येईल."

घरात शिरल्यावर मल्लिनाथनं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "झालं ना? पडदा बंद."

"मी अजून ठरवलं नाही."

"ठरवायचं काय राहिलंय त्यात? फळ्यावर रेघ येईना तुला. तुझी रेघ!" त्याचा आवाज चढला. "तुला काय कमी पडलं गं आजवर? मी होतो की नाही प्रत्येक ठिकाणी?"

"होतात. अजून आहात."

"मग?"

"अहो, तुम्ही मला सांगता, पायरी आहे. मी पाय टाकते, कारण तुम्ही खोटं बोलत नाही. मला ती पायरी एकदा माझी मला बघायचीये. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे."

मल्लिनाथ स्वयंपाकघरात गेला. चहाचं आधण ठेवता ठेवता आतून त्याचा आवाज आला. "आणि कायमचं दोन-दोन झालं तर?"

"तर तुम्ही सांगाल, त्यातली खरी कोणती."

चहा आला तेव्हा कप तिच्या हातात देऊन तो नेहमीपेक्षा जास्त वेळ शेजारी बसून राहिला.

•

डॉक्टर काझींचं एक वाक्य शैलजाच्या डोक्यातून जात नव्हतं: थोडासा तिरळेपणा शिल्लक आहे. तो किती, हे तिनं फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तीच तर अडचण आहे, तो स्थिर नाही. सरळ बघताना एक, खाली वाचताना दुसरा, थकल्यावर तिसरा. म्हणून एकाच भिंगाचा चष्मा देऊन भागत नाही.

"पण डॉक्टर, आमच्या पडद्याच्या कॅमेऱ्याला तो दर क्षणाला दिसतो," शैलजा म्हणाली. "माझी डावी बाहुली नेमकी कुठे बघतीये हे त्याला माहीत असतं. चित्र जिथं आहे तिथं डोळा आणायचा सोडून, डोळा जिथं आहे तिथं चित्र नेलं तर?"

डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं कॉलेज किती वाजता सुटतं?"

त्या स्वतः आल्या. तोपर्यंत शैलजा आणि इनेसनं पहिला प्रयत्न करून ठेवला होता. शैलजाचा डावा डोळा जरा जरी भरकटला तरी डाव्याच्या सगळ्या विंडो त्याच्या मागोमाग सरकत होत्या, इतक्या चपळ की बघणाऱ्याला कळू नये. डॉक्टर काझींनी आपली उपकरणं लावून पुन्हा पुन्हा मोजलं. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"एवढं करायला आमच्याकडे खोलीएवढं यंत्र लागतं," त्या म्हणाल्या. "आणि ते एवढं चांगलं करत नाही. हे कुणी बनवलं म्हणालात?"

"ग्रंथालयात काम करते ती. विंडो हलवायची गंमत म्हणून लिहिलं होतं."

डॉक्टरांनी अटी घातल्या. दर आठवड्याला तपासणी. पडद्यानं सरकवायचं ते थोडं थोडं कमी करत न्यायचं, म्हणजे उरलेलं काम डोळ्यांच्या स्नायूंना करायला लागेल. अमुक मुदतीत जुळलं नाही तर सगळं बंद, आणि तेव्हा वाद घालायचा नाही. शैलजानं मान्य केलं. त्या मुदतीपर्यंत बाहेर वावरताना ती डाव्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावलेला चष्मा घालायची. मुलांना तिनं कारण सांगून टाकलं. फळ्यावर काढायला तिनं मुलांनाच उभं केलं आणि स्वतः तोंडी शिकवलं.

•

ते घडलं तेव्हा ती काही विशेष करत नव्हती. सकाळची वेळ होती, प्रयोगशाळेत झाडलोट चालली होती. तिनं इनेसचं पत्र उघडलं होतं आणि त्याच्यामागे डेस्कटॉपवर तिनं स्वतः काढलेलं एका पंपाचं चित्र होतं.

पत्राची विंडो आणि चित्र यांच्यामध्ये जागा होती.

विंडो पुढे आली, मोठी झाली, असं काही नव्हतं. मध्ये मोकळी जागा होती. रिकामी. हात घालावा अशी. चाळीसहून जास्त वर्षांत तिनं हजारो वस्तू काढल्या होत्या, पण दोन वस्तूंच्या मधलं काहीच-नसणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते दिसतं, हेच तिला माहीत नव्हतं.

तिनं डोकं हलवलं नाही. श्वासही हळू घेतला. मग अगदी सावकाश माऊस फिरवून तिनं तो पहिल्या दिवशीचा घन चालू केला. डेस्कटॉप आत गेला. खरोखर आत गेला, विहिरीत गेल्यासारखा, आणि घनाचा कोपरा वळून तिच्याकडे आला तेव्हा तिनं मान मागे घेतली.

मग ती हसायला लागली. झाडणाऱ्या मावशींनी वळून पाहिलं. "काय झालं, मॅडम?"

"काही नाही हो. नाकाला लागत होतं."

पडद्याबाहेर जुळायला आणखी वेळ गेला. डॉक्टरांनी आता साध्या चष्म्यात थोडं तिरकं भिंग दिलं होतं आणि उरलेलं अंतर डोळे स्वतः ओढून धरायला शिकत होते. एका रविवारी ती कोथिंबीर निवडायला बसली होती. जुडी सोडली आणि तिचा हात तसाच राहिला. इतकी वर्षं कोथिंबीर म्हणजे एक हिरवा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा होता. आता प्रत्येक पान आपापल्या जागी उभं होतं. एकामागे एक, मध्ये हवा, देठांच्या खाली अंधार. एका जुडीत केवढी जागा होती!

"अहो! इकडं या!"

मल्लिनाथ धावतच आला. "काय झालं? दोन दिसायलंय?"

तिनं वर पाहिलं. आणि बघतच राहिली.

"तुमचं नाक पुढे आहे," ती म्हणाली.

"मग काय मागे असणार?"

"तसं नाही हो. गालापासून पुढे आहे. आणि डोळे आत आहेत. म्हणजे मी असंच काढत आले तुमचं चित्र, सावल्या देऊन. पण ते खरंच असं आहे!"

मल्लिनाथनं आपल्या नाकाला हात लावून पाहिला. मग तो खाली बसला आणि कोथिंबीर निवडू लागला, आणि त्याला डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून शैलजानं तोंड फिरवलं.

•

सगळं गोड झालं असं मात्र नाही. चिकटपट्टी काढून ती पुन्हा फळ्यापुढे उभी राहिली आणि रेघ चुकली. समोरच्या टेबलावर ठेवलेला लोखंडी भाग आता कागदावर आडवा पडायला तयारच होत नव्हता. तो पुढे यायचा, मागे जायचा, आणि त्याला सपाट करायला लागायचं. इतरांना जे शाळेपासून करावं लागतं ते तिला आता पहिल्यांदा शिकावं लागत होतं. हणमंते सरांनी काळजीनं विचारलं, "मॅडम, हे सोडून दिलं तर रेघ परत येईल का?"

"येईल बहुतेक," ती म्हणाली. आणि त्या दिवशी संध्याकाळी तिनं खरंच विचार केला. रेघ हीच तर तिची ओळख होती. लोक तिला त्या रेघेवरूनच ओळखत होते. डोळ्यावर पुन्हा पट्टी बांधली की काही महिन्यांत सगळं जुन्यासारखं झालं असतं. मग तिला ती मोकळी जागा आठवली, पत्राच्या आणि पंपाच्या मधली. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, "मी तुमच्याबरोबर पहिल्यापासून शिकणार आहे. माझ्या चुका मोठ्यानं सांगायच्या." मुलांनी त्या सवलतीचा भरपूर फायदा घेतला.

घरातही एक बदल झाला होता. मल्लिनाथ जिन्यात "पायरी" म्हणायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. एका सुट्टीच्या दिवशी ती बाजारातून आली तर तो स्वयंपाकघरात उभा होता, उजव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला. ओट्यावर चहाचं तळं झालं होतं.

"हे काय करायलात?"

"तू गेल्यापासून बांधलाय," तो म्हणाला. "मघाशी नळ बसवायला गेलो तर बोट चिमटलं. तू इतकी वर्षं असं कसं काढलंस गं? आणि एकदा बोलली नाहीस."

"दुसऱ्यांना वेगळं दिसतं, एवढंच माहीत होतं. काय दिसतं ते कुठं माहीत होतं?"

तिनं त्याचा रुमाल सोडला, ओटा पुसला, आणि दोन कप काढून चहा स्वतः ओतला. एक थेंब सांडला नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता, वर्कशॉपात नव्या कारागिराच्या हाताकडे बघावं तसा.

•

"खोली" सगळ्यांना खुली करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर काझींचा विरोध होता. "कुणीतरी घरी बसून एकटं वापरेल," त्या म्हणाल्या. "आणि त्याला कायमचं दोन-दोन दिसायला लागेल. मग?"

इनेस पडद्यावर होती. तिच्याकडे पहाट होती, हातात कसलंसं गरम पेय. "कुलूप घालता येईल," ती म्हणाली. "पण कोड उघडा आहे. कुणीतरी कुलूप काढेल आणि आपल्याला कळणारही नाही. मला वाटतं, खरं काय घडतं ते आधी दाखवावं. मग ज्यानं त्यानं ठरवावं."

दोघी शैलजाकडे बघायला लागल्या.

शैलजानं दोघींचं ऐकलं. "खोली" पहिल्यांदा उघडली की आता सुरुवातीला घन येत नाही, व्हिडिओतली शैलजा येते. ती भाजीबाजारातले दोन हात सांगते, न मिटलेलं वर्तुळ दाखवते, आणि म्हणते की हे माझ्याबाबतीत जुळलं, तुमच्याबाबतीत जुळेलच असं नाही, म्हणून तपासणारं माणूस शेजारी असल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग तिच्या खाली डॉक्टर काझींनी जमवलेली, तपासायला तयार असलेल्या डॉक्टरांची नावं येतात. सुरुवातीला ती लातूर, सोलापूर, नांदेड एवढीच होती. वर्षभरात त्यात नैरोबी आलं, लिमा आलं. कित्येकांना जमलं नाही आणि त्यांनी वेळेत थांबवलं. काहींना जमलं. औशाचा एक शिंपी डॉक्टरांकडून तंत्रनिकेतनात यायचा, पडद्यासमोर तोंड वाकडं करून बसायचा आणि "काही होत नाही, बाई" म्हणायचा. आणि एके दिवशी बोलता बोलता मध्येच गप्प झाला. शैलजानं त्याला काही विचारलं नाही. ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, म्हणजे ते बघायला तो एकटा असावा.

दर वर्षी ती मुलांना खरोशाच्या लेण्यांवर न्यायची, रेखाटनं करायला. यंदा मल्लिनाथही रजा काढून आला. मुलं खांबांसमोर कागद पसरून बसली. शैलजानं कागद काढलाच नाही. ती दोन खांबांमधून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग दोघं टेकडीवरच्या पायवाटेनं चढू लागले. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना सुकलेलं उंच गवत. मल्लिनाथ सवयीनं तिच्या अगदी शेजारून चालत होता, खांद्याला खांदा लावून.

"तुम्ही जरा पुढे चाला ना," ती म्हणाली.

तो थबकला. "का गं? काय झालं?"

"काही नाही. चाला."

तो काही पावलं पुढे गेला. थोडा नाराज होऊनच. वाट त्याच्या पाठीपर्यंत गेली होती, आणि वाटेकडेचं गवत, त्यावर उडणारे बारीक किडे, उन्हातली धूळ, सगळं आपापल्या जागी होतं, तिच्यापासून त्याच्यापर्यंत. तो वळला.

"काय बघायलीस?"

"आपल्यामधलं अंतर."

वाऱ्यानं त्याचा सदरा हलत होता.

"दिसलं?" त्यानं विचारलं.

"दिसलं," शैलजा म्हणाली. "आता हलू नका. मी येते."